धड कोणाचे, शिर कोणाचे? : पेडणे-डिचोलीतील जुन्या मोटारसायकली आणि त्यांच्या सुट्या भागांची अदलाबदल

वेताळपंचविशीतील एक कथा आपल्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली आहे. देवीच्या देवळात पती आणि भाऊ या दोघांचीही शिरे धडावेगळी होऊन पडलेली एक स्त्री पाहते. देवी प्रसन्न होऊन तिला शिरे जोडण्याची अनुज्ञा देते. ती घाईने शिरे उचलते आणि नेमकी अदलाबदल होते. पतीचे शिर भावाच्या धडावर, भावाचे शिर पतीच्या धडावर. दोघेही उठून उभे राहतात. वेताळ विक्रमाला विचारतो, राजा, आता हिचा पती कोणता? सर्व गात्रांत शिर प्रधान, म्हणून पतीचे शिर ज्याच्या धडावर तोच पती, असा निवाडा विक्रम देतो.

लहानपणी आम्हाला हा निवाडा बिनतोड वाटत असे. उतारवयात एका मोटारसायकलीने आमचा तो समज डळमळीत केला. प्रस्तुत लेखाचे निमित्त तीच मोटारसायकल होय. मात्र विषय तिच्यापुरता नाही. पेडणे आणि डिचोली या आपल्या दोन महालांत गेल्या साठ-सत्तर वर्षांत कित्येक जुन्या मोटारसायकली एकीचा सांगाडा, दुसरीचे इंजिन आणि तिसरीची टाकी घेऊन जगल्या. हे का घडले, कसे घडले आणि आज त्याकडे कसे पाहावे, याचा थोडा विचार येथे करावयाचा आहे.

आमच्या थोरल्या काकांनी १९५८ साली, म्हणजे पोर्तुगीज अमदानीतच, झेकोस्लोव्हाकियात बनलेली अडीचशे सी.सी.ची जावा घेतली. आमचा जन्म त्यानंतरचा. टाकीवर बसून हँडलच्या मधल्या भागाला घट्ट धरून केलेली पेडणे ते कोलवाळ ही सफर आमच्या पहिल्या आठवणींपैकी एक आहे. काका २०१९ मध्ये वारले. मांगरात गोणपाटाखाली असलेली गाडी कोणी घ्यायची, ठेवायची की विकायची, हा प्रश्न घरात निघाला. बाहेरगावच्या एका खरेदीदाराने चांगली रक्कम देऊ केली. अट एवढीच की गाडी 'मूळ' असावी. आम्ही जुने नोंदणी पुस्तक काढले, चिमणीच्या काजळीसारखी साचलेली मळी पुसून क्रमांक वाचले आणि थक्क झालो. इंजिनाचा क्रमांक पुस्तकातील क्रमांकाशी जुळेना. सांगाड्याचा, म्हणजे गॅरेजच्या बोलीत ज्याला चासी म्हणतात तिचा, क्रमांकही जुळेना. शिरही दुसऱ्याचे आणि धडही दुसऱ्याचे! मग साठ वर्षे ज्या गाडीला आम्ही 'काकांची जावा' म्हणत आलो ती होती तरी कोणती?

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी थोडे मागे जावे लागते.

आपली बरीच घराणी सावंतवाडी आणि घाटावरून येऊन या भूमीत स्थिरावली. पेडणे व डिचोली हे महाल अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात पोर्तुगिजांकडे गेले, तरी सोयरीक, देवदर्शन आणि बाजारहाट यांची तोंडे बांदा, सावंतवाडी आणि बेळगावकडेच राहिली. १९५५ साली ही वाट बंद झाली. त्या वर्षीच्या १५ ऑगस्टला पत्रादेवीच्या सीमेवर निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळीबार झाला. त्यानंतर भारत सरकारने सीमा बंद केली आणि गोव्याची रेल्वेही थांबली. उत्तरेकडून येणारा माल आटला. पण त्याच काळात डिचोली आणि आसपासच्या डोंगरांतून खनिज लोखंड निघून मुरगाव बंदरातून परदेशी जात होते, आणि त्या पैशावर परदेशी माल समुद्रमार्गे येथे येत होता. शेजारच्या भारतात मोटार घेण्यासाठी परवाने आणि प्रतीक्षायाद्या होत्या, तेव्हा गोव्याच्या रस्त्यांवर मर्सिडीज आणि ओपेल गाड्या धावत होत्या. मोटारसायकलींचेही तसेच होते. इंग्रजी, जर्मन, झेक अशा निरनिराळ्या देशांच्या गाड्या थोड्या थोड्या संख्येने आल्या आणि लाल मातीच्या रस्त्यांना सरावल्या.

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. मुक्तीचा आनंद शब्दातीत होता. पण या परदेशी यंत्रांच्या दृष्टीने त्या दिवशी एक दार बंद झाले. भारताचे आयात-निर्बंध गोव्यालाही लागू झाले. बर्मिंगहॅमहून पिस्टन किंवा जर्मनीहून क्लचच्या प्लेटी मागवणे सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर गेले. गाड्या धडधाकट होत्या. त्यांना खुराक मिळेनासा झाला. आमच्या भागात सुट्या भागांची जी अदलाबदल सुरू झाली तिचे मूळ हौसेत नसून या टंचाईत आहे, हे प्रथम ध्यानी घेतले पाहिजे.

या टंचाईतही सर्व गाड्यांचे नशीब सारखे नव्हते. ज्यांच्याकडे बी.एस.ए. किंवा मॅचलेस होती ते अक्षरशः पोरके झाले. एन्फिल्ड आणि जावा यांच्या मालकांना मात्र आधार मिळाला, आणि तो मद्रास व म्हैसूर येथून मिळाला.

मद्रास येथे १९५५ साली एन्फिल्ड इंडिया ही कंपनी स्थापन झाली आणि इंग्लंडमधील रेडिच येथील कारखान्याच्या साडेतीनशे सी.सी. बुलेटची जुळणी तेथे सुरू झाली. पुढे काही वर्षांतच सर्व भाग येथेच बनू लागले. गंमत अशी, की खुद्द रेडिचच्या कारखान्याने लवकरच आपल्या बुलेटचे रूप बदलले, परंतु मद्रासने १९५५ चाच नमुना कायम ठेवला. सत्तर मिलिमीटर व्यासाचा सिलिंडर, नव्वद मिलिमीटरचा दट्ट्याचा फेरा, इंजिनाला मागून जोडलेली स्वतंत्र गिअरपेटी आणि उजव्या पायाचा गिअर हा संसार पुढे पन्नास वर्षे मूलतः तसाच चालला. रेडिचचा कारखाना १९६७ मध्ये बंद पडला आणि १९७० च्या आसपास इंग्लंडमधील बुलेटचे घराणेच संपले. तेव्हा जुन्या इंग्रजी बुलेटला भाग मिळण्याचे खात्रीचे ठिकाण मद्रास हेच उरले.

म्हैसूरची कथा अशीच आहे. जावा हे नावच मुळी दोन नावांच्या सांध्यातून झालेले आहे. प्राग येथील कारखानदार यानेचेक यांनी १९२९ मध्ये वाँडरर या जर्मन कंपनीच्या मोटारसायकलीचे हक्क घेतले आणि दोन्ही नावांची पहिली अक्षरे जोडून 'जावा' हे नाव केले. या जावाची अडीचशे सी.सी.ची जी गाडी पन्नासच्या दशकात युरोपभर खपत होती, तीच म्हैसूरच्या आयडियल जावा कंपनीने १९६१ पासून तयार करावयास घेतली. सत्तरच्या दशकात तिचे नाव बदलून येझदी झाले. इंजिनाची मूळ मापे, पासष्ट मिलिमीटर व्यास आणि पंचाहत्तर मिलिमीटरचा फेरा, येझदीनेही पुढे चालवली. १९९६ मध्ये तो कारखाना बंद पडला.

म्हणजे घड्याळ युरोपात पुढे जात होते आणि आपल्याकडे थांबलेले होते. परवाना-पद्धतीच्या काळातील या थांबलेल्या घड्याळाबद्दल आपण पुष्कळ नाराजी व्यक्त करतो आणि ती रास्तही आहे. गिऱ्हाइकाला तीच ती गाडी वर्षानुवर्षे घ्यावी लागली. परंतु त्याची दुसरी बाजू अशी, की १९५८ च्या गाडीला १९८३ चे इंजिन बसू शकले. नमुना दर दोन वर्षांनी बदलत असता, तर पेडण्याच्या मांगरातील जावा कधीच भंगारात गेली असती.

सुटे भाग मिळणे एक आणि ते बसवणे दुसरे. या कामात डिचोली महालाचा वाटा मोठा आहे. खाणींमुळे तेथे डंपर, ट्रक, पंप व खोदकामाची यंत्रे आली आणि त्यांच्या दुरुस्तीसाठी कर्मशाळा उभ्या राहिल्या. त्यांतून लेथ चालवणारे, वेल्डिंग करणारे आणि जाड पोलादाला वळण लावणारे हात तयार झाले. दिवसा डंपरच्या स्प्रिंगा जोडणारा मनुष्य संध्याकाळी कोणाच्या तरी मोटारसायकलीचा तुटलेला स्टँड जोडून देत असे. आपल्याकडे अशा कारागिराला आदराने 'मेस्त' म्हणतात. पेडण्यात नद्या आणि तरी होत्या, बाजार लहान होता. म्हणून अवघड काम निघाले की गाडी टेम्पोत घालून डिचोली किंवा म्हापसा गाठावे लागे. साखळी-डिचोलीच्या मेस्तांचे नाव त्यामुळे नदीपलीकडेही पोहोचले.

चासी बदलणे म्हणजे नेमके काय, हे आम्ही अशाच एका वयोवृद्ध मेस्तांकडून समजून घेतले. सामान्य समज असा, की चार बोल्ट काढले आणि चार लावले की काम झाले. वस्तुतः त्यात अनेक अडचणी असतात.

पहिली अडचण सांगाड्याच्या घडणीची. बुलेटच्या चासीला इंजिनाखालून जाणारी नळीच नसते. पुढून खाली येणारी एकेरी नळी इंजिनाला येऊन मिळते आणि इंजिन हाच सांगाड्याचा दुवा होतो. त्या चासीत दुसरे इंजिन घालायचे तर आधी जाड पत्र्याच्या पट्ट्या कापून नवा दुवा तयार करावा लागतो. त्या पट्ट्यांना पाडलेले भोक सुताइतके जरी इकडे-तिकडे झाले तरी गाडी थरथरते आणि वर्षभरात नळीला तडा जातो.

दुसरी अडचण चेनच्या रेषेची. गिअरपेटीवरचे दात्यांचे चाक आणि मागच्या चाकावरचे दात्यांचे चाक एकाच रेषेत हवे. मेस्त दोन्ही चाकांच्या कडेला ताणून दोरा धरतात आणि डोळा बारीक करून पाहतात. रेषा चुकली तर चेन दाते खाते, आणि भरवेगात उतरली तर मागचे चाक जखडून मनुष्य जिवास मुकण्याचा संभव असतो.

तिसरी अडचण आट्यांची. इंग्रजी गाड्यांचे नट-बोल्ट इंचाच्या मापाचे व निरनिराळ्या इंग्रजी आट्यांचे, जावाचे मिलिमीटरचे. मद्रासच्या बुलेटने इंग्रजी आटे कित्येक दशके चालू ठेवले. म्हणून जुन्या मेस्तांकडे पान्यांचे दोन संच भिंतीवर वेगवेगळे टांगलेले असत. घाईत इंग्रजी बोल्ट मिलिमीटरच्या भोकात पिळणाऱ्या शिकाऊ पोराला मेस्त ज्या शब्दांत समज देत, ते शब्द येथे छापण्याजोगे नाहीत.

चौथी आणि सर्वांत मोठी अडचण पुढच्या मानेची. हँडल ज्या नळीत फिरते तिचा कल अंशाने जरी बदलला तरी गाडी सरळ धावत नाही. अपघातात वाकलेली मान तापवून सरळ करता येते, पण तापवलेले पोलाद पूर्वीइतके भरवशाचे राहत नाही. "मान मोडलेली चासी मी कधी जोडली नाही. बदलली," असे मेस्त म्हणाले. वैद्याला जसे कोठे थांबावे हे कळते, तसे त्यांना कळत होते.

ही अदलाबदल म्हणजे केवळ आपल्या गरिबीचे लक्षण, असे मात्र कोणी समजू नये. श्रीमंत इंग्लंडातही ती झाली आणि तेथे तिला मानाचे नाव मिळाले. बेलफास्टच्या मॅकँडलेस बंधूंनी नॉर्टन कंपनीसाठी एक चासी घडवली. १९५० पासून शर्यतीत उतरलेली ही चासी 'फेदरबेड', म्हणजे पिसांची गादी, या नावाने प्रसिद्ध झाली. त्या काळी पाचशे सी.सी.च्या छोट्या शर्यती मोटारी बांधणारे लोक नॉर्टनचे उत्तम इंजिन मिळावे म्हणून अख्खी मोटारसायकल विकत घेत, इंजिन काढून घेत आणि चासी बाजूला टाकत. त्या रिकाम्या चासींत तरुण कारागिरांनी ट्रायम्फ कंपनीची दोन सिलिंडरची इंजिने बसवली. ट्रायम्फ आणि नॉर्टन मिळून ती गाडी 'ट्रायटन' झाली. कारखान्यात कधीही न बनलेली ही संकरित गाडी आज इतिहासात स्वतःच्या नावाने ओळखली जाते.

खुद्द कारखानेही या बाबतीत सोवळे नव्हते. मॅचलेस आणि ए.जे.एस. ही दोन नावे एकाच कंपनीची. कित्येक वर्षे त्यांच्या एका सिलिंडरच्या गाड्यांत ठळक भेद असे तो टाकीवरील नावाचा आणि मॅग्नेटोच्या जागेचा. मॅचलेसचा मॅग्नेटो सिलिंडरच्या मागे, ए.जे.एस.चा पुढे. आपल्या देशात मोटारसायकलीच्या चासीत छोटे डिझेल इंजिन घालण्याची कल्पना इतकी रुजली, की मद्रासच्या कंपनीने नव्वदच्या दशकात 'टॉरस' नावाची डिझेल बुलेट स्वतःच बाजारात आणली. तेव्हा मूळ काय आणि जोड काय, ही रेषा वाटते तितकी ठळक नाही.

आता आमच्या काकांच्या गाडीकडे वळू. तिचे गूढ उकलले ते एका वहीने. काका व्यापारी होते आणि हिशेबाचे पक्के. जुन्या कपाटात तांबड्या कापडी पुठ्ठ्याची एक वही निघाली; तिच्यात पहिल्या पानापासून गाडीचा खर्च लिहिलेला होता. १९६४ मध्ये पिस्टन आणि रिंगा, म्हैसूरच्या. १९६९ मध्ये पुढचे मडगार्ड. १९७४ च्या पावसाळ्यातील नोंद वाचताना आमचे बालपण डोळ्यांसमोर आले, कारण तो अपघात आम्हाला स्पष्ट आठवतो. कोलवाळच्या उतारावर गाडी घसरून झाडावर आदळली होती, काकांचा खांदा निखळला होता आणि आजी महिनाभर त्या गाडीच्या नावाने बोटे मोडत होती. वहीत मात्र एवढेच होते : 'चासीची मान मोडली. बेळगावहून म्हैसुरी जावाची जुनी चासी आणली. डिचोलीच्या मेस्तांनी बसवली.' १९८३ ची नोंद तर आमच्याशीच निगडित होती. आम्ही नुकतेच सरकारी सेवेत लागलो होतो आणि डिचोलीला होतो. काकांनी आम्हाला मेस्तांकडे पैसे पोचते करायला सांगितले होते. ते पैसे कशाचे, हे आम्ही तेव्हा विचारले नव्हते. चाळीस वर्षांनी वहीने सांगितले : 'क्रँक गेला, सिलिंडर आणखी बोअर करता येत नाही. येझदीचे इंजिन घातले. बाजूची झाकणे जुनीच ठेवली.' झाकणांवर जावाचे नाव होते म्हणून आम्ही आजवर आतही जावाच समजत होतो!

वहीत सर्व काही होते. नोंदणी पुस्तकात काहीच नव्हते. इंजिन बदलले तर चौदा दिवसांच्या आत नोंदणी अधिकाऱ्यास कळवावे, अशी तरतूद १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या बावन्नाव्या कलमात आहे, आणि नोंदणी पुस्तक वस्तुस्थितीला धरून असावे ही अपेक्षा त्याआधीच्या १९३९ च्या कायद्यातही होती. काकांनी कळवले नाही. त्यांचा हेतू वाईट नव्हता. कोणाची चोरी नव्हती, कर बुडवलेला नव्हता. पण उभी हयात महसूल खात्यात कागद तपासण्यात घालवलेल्या आमच्यासारख्याला घरातच ही उणीव सापडावी, याची लाज वाटली खरी.

दरम्यान काळ आणि कायदा दोन्ही कठोर झाले होते. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळमधील एका प्रकरणात स्पष्ट केले, की उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलापासून वाहन वेगळे होईल असा फेरबदल करता येणार नाही. रस्त्यावरील सुरक्षिततेचा विचार करता हे योग्यच होय. वर सांगितलेल्या चेनच्या आणि मानेच्या अडचणी ज्याला ठाऊक आहेत तो याला विरोध करणार नाही. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने प्राचीन वाहनांसाठी वेगळे नियम केले. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षे उलटून गेलेल्या दुचाकी व चारचाकी गाड्यांना 'व्ही.ए.' ही अक्षरे असलेला विशेष क्रमांक मिळू लागला. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये आणि मुदत दहा वर्षे. अशी गाडी रोजच्या वापरासाठी नव्हे, तर प्रदर्शन, संचलन, दुरुस्ती अशा कारणांपुरतीच रस्त्यावर आणता येते. मुख्य अट अशी, की गाडी मूळ रूपात असावी. चासी, बाह्यांग वा इंजिन यांत फेरबदल करणारी मोठी दुरुस्ती झालेली नसावी.

या अटीने आमच्या गाडीचा निकाल लावला. विक्रमाने शिराला प्रधान मानले. कायदा चासी आणि इंजिन या दोहोंना मानतो. आमच्या गाडीत दोन्ही परकी. मूळची म्हणावी तर टाकी, हँडल, मागचे चाक आणि ती दोन झाकणे.

येथे त्या खरेदीदाराच्या मध्यस्थाने एक मार्ग सुचवला. क्रमांक कानशीने घासून जुने क्रमांक ठोकून देणारे लोक आहेत, कोणाला कळणारही नाही, असे तो सहज म्हणाला. किंमत तिप्पट होईल, हेही त्याने सांगितले. घरातील तरुण मंडळी क्षणभर गप्प राहिली. रक्कम लहान नव्हती, आणि चुलत भावाच्या मुलीचे परदेशातील शिक्षण समोर होते. आम्हालाही तो क्षण सोपा गेला नाही, हे प्रांजळपणे नमूद केले पाहिजे. क्रमांक ठोकणे हा गुन्हा आहे, एवढे कारण पुरेसे होते. पण त्याहून अधिक एक गोष्ट मनाला लागली. ते क्रमांक घासले, की १९७४ चा अपघात घासला जाणार होता. बेळगावहून चासी आणणे, डिचोलीच्या मेस्तांचा दोरा आणि बारीक केलेला डोळा, सीमा बंद झाल्याच्या काळात आलेली आणि सीमा खुली झाल्यावर अडलेली ही यंत्रे म्हैसूरच्या भागांवर जगली हा सारा इतिहासच पुसला जाणार होता. मूळपणाचा आव आणण्यासाठी खरा इतिहास नष्ट करावा लागतो, हा विरोधाभास आम्हाला असह्य झाला. आम्ही नकार दिला. गाडी विकली गेली नाही.

डिचोली महालातीलच नार्वे येथील श्रीसप्तकोटेश्वराचे उदाहरण या वेळी आठवले. दिवाडी बेटावरचे मूळ देऊळ पोर्तुगिजांनी पाडले. देव नदी ओलांडून नार्व्याला आला. १६६८ मध्ये छत्रपती शिवाजी महाराजांनी तेथील देवळाचा जीर्णोद्धार करविला, आणि राज्य सरकारने केलेल्या अलीकडच्या जीर्णोद्धारानंतर २०२३ मध्ये ते देऊळ पुन्हा भाविकांसाठी खुले झाले. हे देऊळ मूळ नव्हे, असे कोणी म्हणत नाही. कारण स्थानांतर लपवलेले नाही. महाराजांच्या जीर्णोद्धाराचा शिलालेख दारावरच आहे. बदल झाला, आणि तो लिहून ठेवला गेला. मोटारसायकलीची देवळाशी तुलना केल्याबद्दल श्रद्धावंतांनी क्षमा करावी. मुद्दा नोंदीचा आहे.

आमच्या नोकरीत आम्ही एक चौदाच्या नमुन्यावर हजारो नावे पाहिली. जमीन एकाकडून दुसऱ्याकडे जाते, वाटण्या होतात, कुळे लागतात. नव्या नावाशी म्युटेशनचा क्रमांक असतो आणि त्या क्रमांकावरून जुन्या मालकापर्यंत माग काढता येतो. म्युटेशन झाले म्हणून कोणी जमीन खोटी ठरवत नाही. म्युटेशन दडवले तर मात्र पिढ्यान्‌पिढ्या कज्जे चालतात. जुन्या यंत्रांनाही हाच न्याय लावावा, असे आमचे नम्र मत आहे. सुट्या भागांची अदलाबदल हा दोष नव्हे. न लिहिलेली अदलाबदल हा दोष आहे. अस्सल राहिलेल्या गाड्यांना 'व्ही.ए.'चा मान जरूर मिळावा. परंतु ज्या गाड्या टंचाईच्या काळात जोडजोडून जगल्या त्यांचीही एखादी वेगळी यादी, रस्त्यावर आणण्याच्या परवानगीविना का होईना, सरकारदरबारी वा एखाद्या संग्रहालयात राहावी. गोव्याच्या विसाव्या शतकाचा इतिहास त्या अधिक खरेपणाने सांगतील.

काळ थांबत नाही. २०२३ पासून पेडण्यात मोपा येथे विमाने उतरू लागली आणि भाड्याच्या नव्या कोऱ्या दुचाकींची रीघ लागली. खाणी २०१२ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये बंद झाल्या तेव्हा डिचोलीतील कित्येक कर्मशाळांतील लेथ शांत झाले. जावाचे नाव २०१८ मध्ये नव्या कंपनीने पुन्हा आणले, पण त्या गाडीचे भाग आमच्या जुन्या गाडीला बसत नाहीत. दोन संचांचे पाने भिंतीवर टांगणारे मेस्त आता थोडे उरले आहेत. त्यांच्या हातांतील विद्या कोणत्याही पुस्तकात नाही.

म्हणून आपल्या वाचक-घराण्यांना एक विनंती. मांगरात, पडवीत, जिन्याखाली जुनी गाडी असेल तर तिच्या शेजारी एक वही ठेवावी. कोणता भाग कधी बदलला, कोठून आणला, कोणी बसवला, हे ठाऊक असेल तेवढे लिहावे. वडीलधारी माणसे आहेत तोवर त्यांना विचारून घ्यावे. भंगारवाला दारात येईपर्यंत वाट पाहू नये.

आमची जावा अजून मांगरातच आहे. नोंदणीचा प्रश्न आम्ही सोडून दिला; ती आता रस्त्यावर जाणार नाही. तांबड्या पुठ्ठ्याच्या वहीतील शेवटच्या नोंदीखाली आम्ही आमच्या हाताने दोन्ही क्रमांक, आजची तारीख आणि एक ओळ लिहिली आहे : 'चासी दुसरीची, इंजिन तिसरीचे, गाडी काकांची.' विक्रमाला हा निवाडा मान्य होईल की नाही, सांगता येत नाही. वेताळ मात्र झाडावर परत जाऊन पुन्हा तोच प्रश्न विचारील, याची आम्हाला खात्री आहे.